झड लागलीय, घरात सगळे खोकतायत, आणि तरी आभार मानायचे ते कसे: आमच्या घरी करतो ते सगळं

आषाढात आमच्याकडे चिपळूणला एकदा झड लागली की आठ-आठ दहा-दहा दिवस ऊन म्हणून दिसत नाही. दुपारी बारा वाजता ट्यूबलाइट लावून भाजी निवडायची, दोरीवरचे कपडे तिसऱ्या दिवशीही दमटच, चादरींना कुबट वास, आणि त्यातच एकाला सर्दी झाली की आठवड्याभरात सगळ्यांना. मागच्या वर्षी आम्ही चौघंही एकामागोमाग एक पडलो, आधी मुलगी शाळेतून घेऊन आली मग हे मग मी आणि शेवटी सासूबाई, म्हणजे जवळजवळ अडीच आठवडे घरात कोणी ना कोणी खोकतच होतं.

मोठा आजार आला की नातेवाईक धावून येतात, फोन येतात, आपणही मन घट्ट करतो. किरकोळ आजाराचं तसं नसतं. कणकण आहे, अंग मोडून आलंय, तोंडाला चव नाही, पण स्वयंपाक आहेच, भांडी आहेतच, ऑफिसचा फोन आहेच. कोणी विचारत नाही आणि आपण सांगतही नाही, आणि मग ते सगळं चिडचिडीतून बाहेर पडतं, बहुतेक वेळा जो माणूस आपल्यासाठी सगळ्यात जास्त करत असतो त्याच्यावरच. म्हणून मला वाटतं की कृतज्ञतेची खरी गरज अशाच दिवसांत असते.

मी आधी समजत होते की आधी मनाला बरं वाटतं आणि मग आपण आभार मानतो. ते मागच्या वर्षी दीप अमावास्येला बदललं. आषाढातली शेवटची तिथी, बाहेर मिट्ट काळोख, सासूबाईंचा ताप आदल्याच दिवशी उतरलेला, आणि तरी त्या पाटावर बसून चिंचेने समई घासत होत्या. मी म्हटलं, आई राहू द्या ना या वर्षी, तर म्हणाल्या, "अगं उजेड नसतो तेव्हाच दिव्यांची आठवण ठेवायची." वर्षभर ज्यांनी उजेड दिला त्यांना वर्षातल्या सगळ्यात अंधाऱ्या दिवसांत बाहेर काढायचं, घासायचं, पुसायचं, रांगेत मांडून नमस्कार करायचा. मनात काय वाटतंय ते कोणी विचारतच नाही, हाताने करायचं. तेव्हापासून मी आभार हे एक काम म्हणून करते, आणि ते काम कसं करायचं तेच खाली क्रमाने लिहितेय.

पहिलं: आजार खरंच किरकोळ आहे ना ते बघा

हे आधी, बाकी सगळं नंतर. आभार मानून ताप उतरत नाही, आणि "चालायचंच पावसाळ्यात" म्हणत अंगावर काढणं म्हणजे समाधानी असणं नव्हे.

एक साधी वही आणि थर्मामीटर उशाशी ठेवा. वहीत तारीख, वेळ, ताप किती, गोळी कोणती आणि किती वाजता, लघवी नीट होतेय का, एवढंच. १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला की ताप समजायचा, त्याच्या खाली कणकण. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत जाते, खोकला मात्र दोन-तीन आठवडेही रेंगाळतो, त्याने घाबरून जाऊ नका. साध्या व्हायरल सर्दीवर अँटिबायोटिकचा काही उपयोग नसतो, त्यामुळे मेडिकलवाल्याकडून आपल्या मनाने घेऊ नका, आणि मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्याही नकोत.

मोठ्या माणसाला तापाला पॅरासिटामॉल ५०० किंवा ६५० ची, दोन गोळ्यांमध्ये किमान चार ते सहा तास ठेवून. एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच, म्हणजे वर वेगळी तापाची गोळी घेतली की डबल डोस होतो. पाकीट वाचा. लिव्हरचा त्रास असेल किंवा बाकी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (साचलेल्या पाण्यातून, चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) हे तिन्ही असतात म्हणून ताप तिसऱ्या दिवशीही असेल तर रक्त तपासून घ्या, आणि तोपर्यंत अंगदुखीला अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका कारण डेंग्यू असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. चिखलात, साचलेल्या पाण्यात उतरला असाल, पायाला जखम असेल, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा, आमच्याकडे लावणीच्या दिवसांत हे फार महत्त्वाचं आहे. धाप लागणं, सारख्या उलट्या, पोटात जोरात दुखणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, माणूस गुंगीत जाणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात हेही लक्षात असू द्या, ताप गेला म्हणजे झालं असं नाही.

जुलाब असतील तर ओआरएसचं पाकीट आणा, ते नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. माप अंदाजाने नको, चमच्यानेच.

दुसरं: कुरकूर करायला वेळ द्या

आमच्याकडे संध्याकाळच्या चहाला कुरकुरीची वेळ असते. ज्याला जे बोलायचंय ते बोलायचं, नाक चोंदलंय, झोप नाही झाली, लाइट गेले, बॉस असा बोलला, काहीही. मध्ये कोणी उपाय सांगायचा नाही आणि "अगं त्यात काय एवढं" तर अजिबात नाही. चहा संपला की वेळ संपली. हे मी मुद्दाम आभारांच्या आधी ठेवलंय कारण तक्रार दाबून जे आभार मानले जातात ते तोंडदेखले असतात, आणि घरच्यांना ते लगेच कळतं.

आणि एक अगदी कळकळीने सांगते, आजारी माणसाला दुसऱ्याच्या मोठ्या दुःखाशी तुलना करून गप्प बसवू नका. आमच्या गावाने २२ जुलै २०२१ चा पूर बघितलाय, वाशिष्ठीचं पाणी शिरून बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. त्यामुळे आमच्याकडे कोणी जरा कण्हलं की दुसरं म्हणतं, "पूर आठव, त्यापुढे हे काय." हे खरं असलं तरी याने कोणाला बरं वाटत नाही, उलट आपलं दुखणं सांगायची लाज वाटायला लागते. पूर आठवायचाच तर असा आठवावा की चिखल काढायला कोण कोण आलं होतं, कोणी कोरडे कपडे दिले, भाकऱ्या कोणी पाठवल्या. माझ्या लेखी पहिली झाली तुलना आणि दुसरं झालं आभार मानणं, आणि दोन्हींत फार फरक आहे.

तिसरं: घरात एक कोपरा कोरडा आणि उजेडाचा करा

सगळं घर नीट करायला जाऊ नका, ताप आहे. एकच कोपरा. खिडकीजवळ खुर्ची सरकवा, तिथली चादर-उशीचे अभ्रे बदला, आणि सकाळी उठल्यावर अर्धा तास तिथेच बसा. मळभ असलं तरी बाहेरचा उजेड घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी पट जास्त असतो, डोळ्यांना आणि झोपेच्या घड्याळाला तो लागतो. उघडीप मिळाली, भले वीस मिनिटांची, की समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडायच्या, कोंदट हवा बाहेर जाऊ द्यायची.

कपड्यांचं म्हणाल तर मशीनमध्ये स्पिन दोनदा करा, मग हँगरवर, दोन कपड्यांत चार बोटं अंतर ठेवून, पंख्याखाली. सगळे कपडे एकदम नको, रोज थोडे. आधी टॉवेल, रुमाल आणि आतले कपडे, जीन्स थांबू शकते. जे दमट राहील त्यावर गरम इस्त्री फिरवायची. कोळशाची शेगडी कपडे वाळवायला बंद खोलीत कधीही ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो. घरात खोकणारं कोणी असेल तर धूप, उदबत्ती आणि मच्छर कॉइलचा धूरही त्या दिवसांत बंद ठेवा, डासांसाठी मच्छरदाणी लावा.

याचा आभारांशी काय संबंध असं वाटेल, पण दमट चादरीत झोपलेल्या माणसाकडून मी तरी कृतज्ञतेची अपेक्षा करणार नाही. सासूबाईंना ताप होता तेव्हा मुलीने इस्त्री केलेला गरम टॉवेल त्यांच्या पायांवर टाकला, तर त्या डोळे मिटून नुसत्या "आहाहा" म्हणाल्या. आमच्या वहीतली त्या आठवड्याची पहिली नोंद ती आहे.

चौथं: वही

आता वहीबद्दल जरा सविस्तर, कारण इथेच बहुतेक जण चार दिवस लिहून सोडून देतात.

२००३ साली रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या मुलांचे तीन गट केले होते, एकाने दर आठवड्याला आभार वाटावेत अशा जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने त्रास झालेल्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या. दहा आठवड्यांनी पहिल्या गटाला आपल्या आयुष्याबद्दल जास्त बरं वाटत होतं आणि त्यांनी अंगदुखी-डोकेदुखीसारख्या तक्रारीही कमी सांगितल्या. सर्दी बरी झाली असं त्यात कुठेही नाही, पण मला एवढंही पुरेसं वाटतं. आणि बघा, ते रोज नव्हतं, आठवड्यातून एकदा होतं.

म्हणून माझी पद्धत अशी. एरवी आठवड्यातून एकदाच, गुरुवारी रात्री. आजारपणात मात्र रोज, पण एकच ओळ, कारण आजारपणात दिवस एकमेकांत मिसळून जातात आणि आठवड्याचं काही आठवत नाही. तापाची जी वही आहे त्याच वहीच्या मागच्या पानापासून सुरू करायचं, वेगळी सुंदर डायरी आणायची गरज नाही, तीच वही उशाशी असते हे महत्त्वाचं.

ओळ कशी लिहायची? "घरच्यांबद्दल आभारी आहे" असं लिहून काही होत नाही, ते दुसऱ्या दिवशीही तेच लिहिलं जातं आणि तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. कोणी, काय, केव्हा केलं आणि त्यांना त्यासाठी काय सोसावं लागलं, हे चारही आलं पाहिजे. माझ्याच वहीतल्या दोन-तीन देते:

"रात्री अडीचला खोकला थांबेना, हे उठले, न विचारता पाणी गरम करून मीठ टाकून दिलं, सकाळी सहाची एसटी होती त्यांना."

"दूधवाले काका आज गुडघाभर पाण्यातून आले, पिशवी डोक्यावर धरून."

"ताप ९९ वर. पहिल्यांदा आल्याचा वास आला."

शेवटच्या ओळीत माणूस नाही, तेही चालतं. नाक सात दिवस बंद असल्यावर वास येणं ही काय चीज आहे ते तेव्हाच कळतं, एरवी आपण रोज आलं किसतो आणि कळतही नाही. अशा ओळी आजारपणातच सुचतात म्हणून त्या तेव्हाच लिहून ठेवा, बरं वाटायला लागलं की दोन दिवसांत विसरतो आपण.

काहीच सुचलं नाही तर? ओळ रिकामी सोडा आणि तारीख टाका. मागच्या वर्षीच्या माझ्या वहीत अशा तीन रिकाम्या तारखा आहेत. ओढूनताणून भरू नका.

पाचवं: तोंडाने सांगा, पण आपल्या पद्धतीने

हे मला सगळ्यात जास्त महत्त्वाचं वाटतं आणि आपल्याकडे हेच सगळ्यात अवघड जातं. आपल्या घरांत आभार मानायची पद्धत नाही. आईला "धन्यवाद" म्हटलं तर तिला वाटेल याचं काहीतरी बिनसलंय. बहिणीला थँक्यू म्हटलं की "आभार कसले मानतेस, परकी आहेस का" हे ठरलेलं उत्तर. आणि त्यात प्रेमच असतं, की आपल्या माणसात हिशेब नको. पण त्याचा परिणाम असा होतो की वीस-वीस वर्षं एखादी बाई सगळ्यांचे काढे करत राहते आणि कोणाच्याही तोंडून एक शब्द निघत नाही.

तर धन्यवाद शब्द बाजूला ठेवा, मराठीत बाकी खूप वाटा आहेत. सगळ्यात सोपी म्हणजे जे केलं त्याचा परिणाम सांगा, "तुझ्या काढ्याने रात्री झोप लागली गं." किंवा त्यांचे कष्ट दिसले हे सांगा, "दोन रात्री जागलात तुम्ही, आज दुपारी पडा जरा." किंवा "तू होतीस म्हणून निभावलं." माझ्या सासऱ्यांची पिढी तर नुसतं "पेज छान झाली हो" म्हणून सगळं सांगून जायची, आणि सासूबाईंना ते पुरायचं, अजून त्या ते वाक्य सांगतात, सासरे जाऊन नऊ वर्षं झाली तरी.

मुलांनी मोठ्यांना सांगायचं तर पाया पडण्यासारखी दुसरी गोष्ट नाही, बरं वाटल्यावर आजीला नमस्कार करायचा, तिने पाठीवरून हात फिरवला की झालं. नवऱ्याने बायकोला सांगायचं असेल तर मात्र कृपा करून नुसतं सांगू नका, उठून भांडी घासा. त्याशिवाय ते पोहोचत नाही, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

घराबाहेरच्यांना आपण "दादा", "मावशी", "काका" म्हणून हाक मारतोच, त्यापुढे एक वाक्य जोडायचं. दूधवाले, पेपरवाला, घंटागाडीवरचे लोक, आशाताई, आणि भर वाऱ्यापावसात खांबावर चढणारा महावितरणचा वायरमन. रात्री अकराला लाइट आले की सगळी आळी "आले आले" करते आणि तो माणूस भिजत दुसऱ्या फॉल्टवर गेलेला असतो. आम्ही आता थर्मासमध्ये चहा ठेवतो, दिसला की थांबवतो, "दादा, दोन घोट घेऊन जा." आजारी असाल तर जवळ जाऊ नका, मास्क लावून पायरीवर कप ठेवा आणि खिडकीतून बोला, आपला व्हायरल त्यांना द्यायचा नाही.

सहावं: ताटातून

तापात जेवण म्हणजे आमच्याकडे पेज. उकडा तांदूळ अर्धी वाटी, दोनदा धुऊन, सहा वाट्या पाण्यात मंद आचेवर पाऊण तास, मधून ढवळायचं, शीत बोटाने चेपलं गेलं की मीठ घालून बंद. गॅसपाशी उभं राहवत नसेल तर कुकरला पाच-सहा शिट्ट्या. सोबत भाजलेला पापड नाहीतर कोकमाचं सार. जरा भूक लागायला लागली की मऊभात, मेतकूट आणि घरचं तूप, मग कुळथाची पिठी, लसणाची फोडणी जरा करपू द्यायची, बंद नाकालासुद्धा ती कळते.

काढ्याला गवती चहा, आलं, तुळस, गूळ. गुळण्यांना पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, आणि लहान मुलांना उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर वाफ द्यायला बसवू नका, भाजण्याचे प्रकार फार होतात.

आता आभारांचं. पेजेची वाटी हातात आली की एक घास घेण्याआधी तिच्यातली एकच गोष्ट कुठून आली ते मनात आठवायचं. आपण ज्या पावसाला वैतागलोय त्याच पावसात, त्याच दिवशी कोणीतरी इरलं नाहीतर प्लास्टिक डोक्यावर घेऊन वाकून भाताची लावणी करतंय. आमच्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा, जुलैचा बहुतेक महिना या दोघांचाच, आणि लावणीला हे दोघं लागतातच. एका वर्षी तरण्याने दडी मारली होती तेव्हा काकांच्या शेतातली रोपं पिवळी पडलेली मी पाहिलीत, काका रोज संध्याकाळी अंगणात उभे राहून नुसते पश्चिमेकडे बघायचे. तेव्हापासून सलग पाऊस पडला की माझ्या मनात दोन्ही येतं, कपडे वाळत नाहीत हेही आणि काकांचे डोळेही.

जेवण झालं की "अन्नदाता सुखी भव" म्हणायची आपली जुनी पद्धत आहे, आजारी माणसाने ते अंथरुणात बसूनही म्हणावं, आणि ज्याने पेज केली त्याला ऐकू जाईल असं म्हणावं.

सातवं: मुलांसाठी

थोडक्यात सांगते. मुलांना वही दिली तर अभ्यास वाटतो. चित्र काढायला सांगा, "आज तुला कोणी बरं वाटवलं त्याचं चित्र", आणि फ्रिजवर लावा. माझ्या मुलीने आधी मांजर काढलं, दुसऱ्या दिवशी परत मांजर, तिसऱ्या दिवशी आजी. जबरदस्ती करून "आजीला थँक्यू म्हण" असं वदवून घेऊ नका.

आठवं: दिवे

तुमच्याकडे दीप अमावास्या करत नसाल तरी हे कुठल्याही काळवंडलेल्या संध्याकाळी करता येतं. घरातले सगळे दिवे काढा, समई, निरांजन, लामणदिवा, कंदील असेल तर तो, आणि हो, टॉर्च आणि इमर्जन्सी लाइटसुद्धा, गेल्या वर्षी आम्ही तेही पुसून रांगेत ठेवले कारण खरा उपयोग तर त्यांचाच झाला होता. पितळेला चिंच नाहीतर पितांबरी, मग राखेने कोरडं घासून स्वच्छ फडक्याने पुसायचं. ज्याला बरं नाही त्याने फक्त वाती वळाव्यात, बसल्या जागी होतात आणि हाताला काहीतरी करायला मिळतं.

नैवेद्याला कणकेचे गोड दिवे. एक वाटी कणीक, अर्धी वाटी गूळ अगदी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून, चिमूटभर मीठ, वेलची, एक चमचा तुपाचं मोहन. घट्ट मळून दहा मिनिटं झाकून ठेवा, छोटे दिवे वळा, मध्ये अंगठ्याने खोलगट करा, चाळणीला तूप लावून पंधरा मिनिटं वाफवा. गरम असताना त्या खोलगट भागात तूप सोडून खायचे, दुखऱ्या घशालाही बरे वाटतात.

दिवे लावले की ट्यूबलाइट बंद करायची आणि प्रत्येकाने एका दिव्यासमोर एका माणसाचं नाव घ्यायचं, या पावसाळ्यात ज्याने आपल्यासाठी काही केलं त्याचं. कारण सांगायची सक्ती नाही. ह्यांनी माझं नाव घेतलं, पुढे काहीच बोलले नाहीत, मला ते पुरलं.

जमत नसेल तर

हे सगळं वाचून कोणाला वाटेल की मला तर काहीच वाटत नाही, मी कृतघ्न आहे का. नाही हो. ताप असताना मेंदूही थकलेलाच असतो. त्या दिवशी पाणी प्या, झोपा, वहीत नुसती तारीख टाका.

पण सर्दी-ताप जाऊनही दोन आठवडे मन उचल खात नसेल, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या असतील, झोप-भूक बिघडली असेल, जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं वाटत असेल, तर ते पावसावर ढकलू नका. तो वेगळा आजार आहे आणि त्याला औषध आहे. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ चोवीस तास चालू असते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडेही जा. वही नंतर.

शेवटचं: डबा परत करणं

आजारपणात शेजारून डबे येतात. आमच्याकडे शेजारच्या वहिनींनी चार दिवस भात-वरण पाठवलं होतं. डबा रिकामा परत करायचा नाही ही आपली जुनी रीत, पण माझं म्हणणं असं की घाई करू नका, अंगात ताकद नसताना लाडू करायला बसू नका. डबा नीट घासून पुसून, झाकणाच्या खाचेतली रबराची रिंग काढून वाळवून ठेवा, पावसाळ्यात तिथेच वास धरतो. बरं वाटल्यावर आठ-पंधरा दिवसांनी द्या, आणि तेव्हा त्यांच्यात कोणी आजारी असेल तर त्यांना चालेल असं द्या.

पावसाळ्यात द्यायला काही कमी नसतं, टाकळ्याची नाहीतर भारंगीची भाजी, अळूवड्यांचे वाफवलेले उंडे म्हणजे त्यांना हवं तेव्हा कापून तळता येतात, घरचं मेतकूट, दारच्या गवती चहाची जुडी. मी अळूचे उंडे दिले आणि वर एक चिठ्ठी ठेवली की तुमच्या वरणाला हिंगाचा वास होता, इतक्या दिवसांनी मला तो आला. वहिनींनी ती चिठ्ठी मसाल्याच्या कपाटाला आतून चिकटवलीय, परवा चहापत्ती मागायला गेले तेव्हा दिसली.